दोन बटणांची फिल्म

निघोजे,
रविवार, सकाळ

प्रिय रोहिदास,

पाकिटावरचं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर बघूनच ओळखलं असशील. चार वर्षांत साधा फोन नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे ज्ञान्याने नक्की काहीतरी काम काढलं असणार, असं जयमालावहिनींना म्हणालाही असशील. बरोबर आहे, काम आहेच. पण ते शेवटी सांगतो. सुरुवातीलाच सांगायची हिंमत असती, तर मधली चार वर्षं अशी गेली नसती.

आधी बातम्या. आपली खोली पाडून मालकाने तिथे चार मजले चढवले. आपण ज्या मोरीत भांड्यांवरून भांडायचो, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. माझी मुलगी बालवाडीत जाते आणि घरात माझ्यापेक्षा तिचंच जास्त चालतं. मला लाइनवरून काढून ट्रेनिंगला बसवलंय. दिवसभर बोलायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा, म्हणजे माझ्यासारख्याची चैनच. महाळुंग्याला आपल्या कंपनीची दुसरी शेड उभी राहतेय आणि पुढच्या महिन्यात चाळीस नवी पोरं प्रेसवर येतायत. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी त्यांना दाखवायला सुरक्षेची फिल्म हवी, आणि ती कुणाकडून करून घ्यायची ते मी ठरवायचं, असा साहेबांचा हुकूम झाला. ज्याने स्वतःच्या मुलीच्या बारशाच्या व्हिडिओत नुसता पंखा घेतला, त्याच्यावर हे काम!

पहिली पार्टी बाणेरहून आली. शूटिंगवाले येणार म्हटल्यावर आपल्या लोकांनी त्याचं ऑडिटच करून टाकलं. आदल्या दिवशी पिवळे पट्टे नव्याने मारले, कपाटातले कोरे बूट वाटले, आणि सकाळी सगळे प्रेस पुसून, बंद करून, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावं तसे रांगेत उभे! ती मंडळी जाम खूश. त्यांनी ड्रोन उडवला. वरून आपली कंपनी भलतीच देखणी दिसते राव, कबुतरांनी घाण केलेले पत्रे सोडले तर. आठवड्याने त्यांनी नमुना दाखवला. संगीत होतं, उगवता सूर्य होता, हसणारी माणसं होती. मशीन मात्र एकदाही चाललं नाही.

दुसरी पार्टी कार्टूनवाली. त्यांनी प्रेसवरचा अपघातच बनवून आणला होता. मोठ्या डोळ्यांचा गोलमटोल कामगार, त्याचं बोट सापडतं, तो 'आई गं' म्हणून उडी मारतो आणि पुढच्याच क्षणी पाचही बोटं हलवत आपल्याला टाटा करतो. सगळे हसले. मला तुझा उजवा हात दिसला. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो तो बराच वेळ आत आलोच नाही.

तिसरी आली आम्रपाली, देहूरोडची. तिचे वडील तिथल्याच फॅक्टरीत कामाला होते. ती कॅमेरा बघते, नवरा बुद्धरत्न आवाज बघतो, एवढीच कंपनी. दोघं दुचाकीवर आले म्हणून साहेबांनी आधीच नाक मुरडलं. त्यात बाईने तीन तास कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. नुसती प्रेसपाशी उभी राहून बघत होती. चहाच्या सुट्टीत ती ऑपरेटर लोकांत जाऊन बसली. नियम काय आहेत, हे तिने विचारलंच नाही. साहेब पाठमोरे झाले की तुम्ही काय करता, असं विचारलं. सगळे चहात बघायला लागले. मग भिमाजीमामांनी, तेच आपले महाळुंग्याचे, आता रिटायरमेंटला आलेत, खिशातून लाकडाची छोटी पाचर काढली आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवली. म्हणाले, "आमी काय सांगायचं ताई, ही हाय बगा. समद्यांकडं हाय."

मामांनीच तिला समजावलं. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबली तरच प्रेस पत्र्यावर खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. एका बटणात पाचर मारली की एक हात पत्रा सरकवायला मोकळा, आणि तासाला शंभर नग जास्त. नव्या मुलांना हे कोण शिकवतं, असं तिने विचारलं. "कोन शिकिवतंय? आपापलं येतं," मामा म्हणाले.

आपापलं येत नाही, रोहिदास. औशाहून आलेल्या, प्रेस कधी न पाहिलेल्या माणसाला ते कुठून येणार? मी तुला शिकवलं. पॅकिंगच्या फळीतून पाचर मीच तासली आणि तुझ्या हातात दिली, कारण मी नुकताच लाइन लीडर झालो होतो आणि फळ्यावर माझ्या लाइनचा आकडा वर दिसायला हवा होता. तुझी दोन बोटं गेली. मग चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की ऑपरेटरने स्वतःच्या मनाने बटण अडकवलं, आणि खाली सही माझी. तुला विचारलं तेव्हा तू मान खाली घातलीस आणि माझं नाव घेतलं नाहीस. माझ्या स्वरूपाला सातवा महिना होता, म्हणून. हे तू कधी बोलला नाहीस, पण मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी गप्प बसलो. मी भित्रा निघालो, भावा. आणि त्या गप्प बसण्यामुळेच पाचर अजून सगळ्यांच्या खिशात आहे. चूक एकट्या रोहिदासची होती, असंच ज्याला त्याला वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आम्रपालीला काम द्या म्हणालो, का ते सांगितलं, आणि खरं काय घडलं ते लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. माझी चौकशी होणार, ट्रेनिंगची खुर्ची बहुतेक जाणार. पण फिल्म आम्रपालीच करणार, यावर त्यांनी माझ्यासमोर सही केली, आणि जुना कागदही दुरुस्त होणार आहे. चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवलो त्या दिवशी. स्वरूपाला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, रोहिदासभाऊजींना लिहा.

आता काम. तुझा चुलतभाऊ मागच्या शनिवारी चाकणच्या बाजारात भेटला. तू पिठाची गिरणी टाकलीस, पट्ट्याभोवती स्वतः जाळी ठोकलीस आणि दळण आणलेलं पोर जाळीच्या आत पाऊल टाकेल तर आधी गिरणी बंद करतोस आणि मग त्याचा कान धरतोस, असं त्याने सांगितलं. ऐकून रस्त्यातच डोळे भरून आले. चाळीस पोरांना असाच माणूस पाहिजे, रे. येत्या सतरा तारखेला शूटिंग आहे, आणि तू येऊन कॅमेऱ्यासमोर त्यांच्याशी बोलावंस म्हणून हे पत्र. हात दाखव किंवा नको दाखवूस, ते तुझ्या मर्जीवर. मला माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणतोच. फिल्मची सुरुवात माझ्यापासून आहे. हातात पाचर घेऊन, ही मी तासली, मी दिली आणि खोटी सही मी केली, एवढं सांगायचंय. तू आलास तर तुझ्याकडे बघून सांगेन, नाही आलास तर कॅमेऱ्याकडे बघून. सांगणार मात्र नक्की.

तुझाच, एका ताटात जेवलेला,
ज्ञानेश