टिबुकलीचं तरंगतं घरटं

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज मध्येच काहीतरी उपटतं. कधी चिखलात रुतलेला ट्रायपॉडचा पाय धुवायचा असतो, कधी गारठलेल्या बॅटऱ्या खिशात घालून उबवायच्या असतात, आणि काहीच नसलं की मी पेन्सिलीला टोक काढत बसतो. खरं कारण तुला न सांगता कळलं असणार. तू एकच गोष्ट विचारलीस, की त्या लांबच्या शहरातली नोकरी तू घेतलीस तर आईजवळ कोण राहणार. इतका सरळ प्रश्न शाळेत कोणी विचारला असता तर मी शाळेतून पळालो असतो. तसा पळालोच म्हणा.

आधी इथलं सांगतो, म्हणजे हात जरा मोकळा होईल. डोंगरातल्या एका तळ्याकाठी दोन खोल्यांचं घर आहे, त्यात मी आणि कॅप्टन राहतो. कॅप्टन म्हणजे साठी उलटलेल्या बाई, पक्ष्यांचे फोटो काढण्यात सगळा जन्म गेलेला. कशाच्या कॅप्टन ते कोणालाच माहीत नाही, पण त्यांनी हाक मारली की पाय आपोआप जुळतात. मी त्यांचं सामान वाहतो, पाणी भरतो, आणि बदल्यात त्यांनी त्यांचा जुना कॅमेरा माझ्या हाती दिलाय. फोन इथे लागत नाही. सामानाचा ट्रक येतो, तोच पत्रं घेऊन जातो.

माझं काम सध्या एका टिबुकलीवर आहे. ओंजळीत मावेल एवढा पक्षी, बदकाचं धाकटं भावंड वाटावं असा. पाणवनस्पती गोळा करून पाण्यावरच घरटं बांधतो, एखाद्या लव्हाळ्याला अडकवून. अंड्यांवर नर आणि मादी पाळीपाळीनं बसतात. एक बसलेला, दुसरा आला की हा उठतो, तो बसतो. ती अदलाबदल क्षणभराची असते, आणि कॅप्टनना नेमका तोच फोटो हवाय. मी म्हटलं, एवढंच ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपली आई पाहायची ना तसं, मी परीक्षा सोपी गेली म्हणून सांगायचो तेव्हा.

पहिल्या दिवशी पहाटे गारठ्यात बसून खूप फोटो काढले आणि पळत घरी आलो. चुलीवर पाणी उकळत होतं, खोली छान उबदार. कधी एकदा बघतो असं झालं होतं, म्हणून तिथेच पिशवी उघडली. बघता बघता लेन्सवर धुकं. पुसलं, पुन्हा धुकं. मग पुसता येईना, कारण ते आतून आलं होतं. मला वाटलं, थंडी बाधली बिचाऱ्याला. स्वेटरच्या आत घालून छातीशी धरून बसलो. कॅप्टन आल्या, बघितलं आणि खुर्चीत बसून हसल्या. म्हणाल्या, अरे, तो काय तान्हा आहे? तुझ्या घामानं आणखी ओला होईल. गार कॅमेरा उबेत आणला की पिशवी बंदच ठेवायची, त्याला त्याच्या वेळेनं खोलीत येऊ द्यायचं. मला तेवढा धीर कुठला.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी लेन्स काढून आतून वाळवायला वाऱ्यावर ठेवली. त्यानंतर प्रत्येक फोटोत वर उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसायला लागला. ताई, मी काय समजलो असेन? मला वाटलं, लांब आकाशात एक गरुड आहे आणि तो रोज माझ्या मागावर येतोय. जेवताना कॅप्टनना मोठ्या थाटात सांगितलंसुद्धा. त्यांनी धूळ उडवायच्या रबरी फुंकणीनं कॅमेऱ्यात फुस्स केलं आणि माझा गरुड उडाला. तेव्हापासून मला इथे गरुडच म्हणतात.

पण सगळ्यात मोठा घोळ पुढे आहे. घरट्यावर फोकस एकदा नीट लावायचा आणि लेन्सवरची फोकसची फिरती कडी चिकटपट्टीनं पक्की करायची, म्हणजे ऐन वेळी हात लागून बिघडत नाही, अशी इथली पद्धत. मी पट्टी लावली. रात्री डोंगरात पाऊस झाला, तळं चढलं, घरटं लव्हाळ्यासकट जरा मागे सरकलं. माझी पट्टी होती तिथेच.

सकाळी मादी बसलेली होती. ऊन चढलं तरी नराचा पत्ता नाही. तिला भूक लागलेली दिसत होती, मान वळवून वळवून पाण्याकडे बघायची, पण उठायची नाही. मलाच राग यायला लागला. कुठे भटकतोय हा? मग अगदी जवळ पाण्यातून तो वर आला, चोचीत शेवाळाची एक काडी. तिच्यापुढे ठेवली. तिनं ती घेऊन घरट्यात खोचली, अंग सैल केलं आणि पाण्यात उतरली. तो वर चढून बसला. काहीच गाजावाजा नाही. मी बटण दाबत राहिलो. फोटो आलेत, पण घरटं काल होतं तिथलं रिकामं पाणी त्यात लख्ख आहे, आणि ती दोघं मागे पुसट.

कॅप्टन रागावतील म्हणून मी खाली बघत उभा होतो. त्या एवढंच म्हणाल्या, तू पाहिलंस ना? मी हो म्हटलं आणि लेन्सवरची पट्टी सोलायला लागलो.

बाबा गेल्यापासून आई एकटी घरात राहत नाही, गुडघा दुखतो म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातही कोणाला तरी घेऊन जाते, आणि ते कोणीतरी दरवेळी तूच असतेस. आधी एकदा आलेली नोकरी तू का सोडलीस हे मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. ताई, नोकरी घे. मी येतो. चार दिवस पाहुणा म्हणून नाही, राहायला येतो. तिकडेही एखादं तळं असेलच, नसलं तर चिमण्या आहेत. कॅप्टनना सांगून झालंय, हे लिहायचं तेवढं राहिलं होतं.

थांब, ट्रक आला. पत्र लगेच द्यायला हवं, म्हणून ट्रकवाल्याला हाक मारायला खिडकीतून डोकावलो, तर त्याच्या शेजारच्या सीटवरून आई उतरतेय. एकटी, पाठीला तुझी जुनी कॉलेजची पिशवी. तुझ्या नोकरीचं तिच्या कानावर गेलेलं दिसतंय. तुला सांगून आली नसणार, सांगितलं असतं तर तू सोडलंच नसतंस. पण शेजारच्या काकूंना सांगितल्याशिवाय ती निघायची नाही, म्हणजे तुला एव्हाना कळलं असेल. काळजी करू नकोस, सुखरूप आहे. गुडघ्यावर हात ठेवून ट्रकवाल्याला काहीतरी सुनावतेय, बहुतेक गाडी किती जोरात चालवतोस म्हणून. तिनं मला अजून पाहिलेलं नाही. माझं उत्तर तेच आहे, फक्त आता तिच्याबरोबरच येईन. बाहेर जातो.

तुझाच,
भोवरा