सोलोमनला धबधब्यावरून आणताना

८ सप्टेंबर

धबधब्याची वाट येत्या एक तारखेपासून कायमची बंद. छावणीच्या फाटकावर कागद लावलाय. दरड धोक्याची आहे म्हणे. अकरा वर्षांपूर्वीही धोक्याचीच होती — सोलोमन रंगाचा डबा घेऊन गेला तेव्हा. फिरायला येणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून खडकांवर पांढरी पावलं काढायचा. फाटकावरची नोंदवही तेव्हा मी सांभाळायचे. ‘वर गेले’मध्ये नवऱ्याचं नाव माझ्याच हाताने लिहिलं. ‘परत’चा रकाना कोरा राहिला.

देह आणला. त्याला आणलं नाही.

९ सप्टेंबर

लिहूनच टाकते, इथे काय लपवायचं. चूक माझी. तो पडला तिथून त्याच्या जिवाला हाक मारून, फांदीवर बसवून घरी आणायला सगळे तेव्हाच काटेरी बोरीची फांदी घेऊन निघाले होते. मी अडवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलेलं — मेलेला माणूस देवाजवळ असतो, दरीत नाही. किती गोड आवाज होता त्यांचा. खळ घातलेल्या झग्याचा वास अजून येतो.

आणि माझा नवरा अकरा हिवाळे बर्फात बसलाय.

१४ सप्टेंबर

त्याच्या थोकोझिले आत्या म्हणाल्या, “आता आठवला होय नवरा? कुंपण घालायला लागले तेव्हा?” ऐकून घेतलं.

फांदी मुझी आणणार. सोलोमनचा धाकटा भाऊ, त्याचाच मान. आत्यांनी बजावलं, “येताना जिवंत माणसाशी एक शब्द नाही. फक्त त्याच्याशी. ओढा आला, चढ आला, सांगत यायचं. दुसऱ्याशी बोललास की तो मागे फिरतो, रुसून.”

“आत्या, मी माझ्या लग्नात तरी बोललो होतो का?”

सगळे हसले. मीसुद्धा.

२० सप्टेंबर

गेलं सगळं. मुझी खिंडीपर्यंत नीट आला आणि फोनवर बोलला! “निघालोय, निघालोय” — इतकंच. पण बोलला.

अंगणभर माणसं, ज्वारीची बिअर गाळलेली, बकरा बांधलेला. तो फांदी खाली धरून आला आणि म्हणाला, “मी बोललो.” रिकामी काटकी नुसती.

२१ सप्टेंबर

आत्यांनी सगळ्यांसमोर सोलून काढलं. “कुणाचा फोन होता रे? शहरातल्या त्या बाईचा ना?” मुझीची बायको तिथेच बसली होती. तो जमिनीकडे बघत राहिला.

गप्प राहायचं तिथे बोलला. आता बोलायचं, तर गप्प.

२४ सप्टेंबर

बायको मुलांना घेऊन माहेरी गेली त्याची. गेली तर गेली. माझा माणूस तिकडे दरीत आहे.

२७ सप्टेंबर

म्हटलं, मी जाते.

“बायका कधी फांदी धरतात?”

“मग तुम्ही चला, आत्या. गुडघे आहेत का?”

२९ सप्टेंबर

गेले. त्याची पांढरी पावलं पुसट झालीत, पण आहेत. एका खडकावर दोन डावीच काढलीत, वेड्याने. दरडीखाली फांदी टेकवली, त्याच्या कुळाची सगळी नावं घेऊन हाक मारली. धुकं होतं. मग उतरत सांगत आले — सोलोमन, इथे निसरडं आहे. सोलोमन, हा ओढा. सोलोमन, गुडघा दुखतोय, सावकाश चल.

फाटकावर आता लिंडिवे बसते. माझ्या माहेरच्या नावाने हाक मारून म्हणाली, “मासिथोले, किती जण परत आले लिहू?” मी बोलले नाही. तिने फांदी पाहिली. मान खाली घालून ‘दोन’ लिहिलं.

शेअर टॅक्सीत शेजारची जागा त्याची. कुणी बसलं नाही.

३० सप्टेंबर

वाटेत फक्त त्याच्याशीच बोलायचं असतं. म्हणून त्यालाच सांगितलं, खिंडीत. त्या दिवशी फोन मी केला होता. धीर निघेना म्हणून — “निघालास का?” एवढंच विचारायला. वहिनीचा फोन, घरी काही झालं असेल, म्हणून मुझीने उचलला असणार.

मुझीने हे कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही. आजपर्यंत या डायरीलासुद्धा.