मेहनतीची खूण म्हणे

९ नोव्हेंबर, सातारा

ग्राउंडवरून आले तर टी-शर्ट पाठीला चिकटलेला. ओढला, फोडांच्या खपल्या त्याच्याबरोबर निघाल्या. सिटअपला खाली टेकलं की काट्यावर झोपल्यागत होतं. खोलीत आल्यावर रेश्माला म्हटलं, बघ गं जरा. रेश्मा पाटणच्या वरच्या वाडीची, साप दिसला तरी ओरडत नाही. माझी पाठ बघून ओरडली.
"आई गं, चाळण झालीया पाठीची!"
तोंडावर तर आधीपासून आहेतच. हनुवटी, जबडा, कपाळ. कुठं जागा रिकामी नाही.
सरांना विचारलं. "मेहनतीची खूण हाय ती. रगात तापलंय. मेडल समज."
सर म्हणजे आमच्या पोलीस भरती अकॅडमीचे मालक. पुवाचं मेडल दुसऱ्याच्या तोंडावर असलं की शोभतं.

१३ नोव्हेंबर, कोरेगाव

सुट्टी घेऊन घरी. आत्या मुद्दाम आली बघायला. हळद लाव, कडुलिंब लाव, मसूर डाळ लाव. कोशिंबीर करायची आहे की तोंड धुवायचंय. शेवटी हुकमी उपाय:
"लगीन झालं की आपोआप जात्यात."
आत्याचं लग्न होऊन जमाना झाला, नाकावरची चामखीळ अजून जागेवर आहे. तसं म्हटलं. आईनं चिमटा काढला.
कराडचं एक स्थळ आहे म्हणे. फोटो मागितलाय. आई मोबाईलवर माझा फोटो बोटानं घासघासून गुळगुळीत करत बसली. झाल्यावर दाखवला. त्या बाईला मी ओळखत नाही. म्हटलं, तिलाच दे त्यांना.
आप्पांनी तेवढं तोंडाचं नाव काढलं नाही. मिलिटरीत हवालदार होते, तिथं तोंडाला कोण विचारतं.
"पळणं कसं चाललंय?"
"चांगलं."
"मग झालं."

१९ नोव्हेंबर, सातारा

घामानं येतात म्हणतात, म्हणून घामाचा बंदोबस्त केला. पळून आले की लगेच आंघोळ. सुती कपडे. अभ्रा रोज धुवायचा. केसाला तेल बंद. हॉस्टेलच्या पोरी खिदळतात, "कुणासाठी गं एवढं?" यांची अक्कल तेवढ्यापुढं जात नाही.
उपयोग शून्य. आता खांद्यावर, दंडावर, छातीवर. साधे फोड नाहीत हे. मोठे, खोल, निळसर, झोपून कूस बदलली की जाग येते.
गोळा मात्र लांब जातोय. आज सगळ्यांच्या पुढं टाकला. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. "पावडरीचा गुण बघा!" पोलीस भरतीत नाव काढतील असं वाटणाऱ्या निवडक पोरींनाच ते पावडर देतात. सकाळी दुधात कालवून, स्वतःच्या हातानं. त्यात मी आणि रेश्मा. डब्यावर कागद नाही. त्यात काय असतं विचारलं की "आपला घरचा फॉर्म्युला." खडूचा चुरा खाल्ल्यासारखं लागतं.
पण गोळा जातोय.

२४ नोव्हेंबर

आप्पांचा फोन. मी हॅलो म्हटलं.
"जरा सुजाताला द्या की."
"मीच बोलतीय आप्पा."
"सर्दी झालीया व्हय?"
व्हय म्हटलं. सर्दी नाही. घसा दुखत नाही. आवाजच खाली गेलाय, विहिरीतून बोलल्यासारखा. आणि पाळीचा पत्ता नाही. मागच्या महिन्यातही नव्हती.
रेश्मा म्हणते, "लय पळलं की जाती. बरंच हाय की, कटकट गेली."
रेश्माला सगळं बरंच असतं. हॉस्टेलची आमटीसुद्धा.

२७ नोव्हेंबर

मेडिकलवाल्यानं मान वर न करता ट्यूब दिली. "हे लावा मॅडम, काचेसारखा चेहरा." लावली. सोललेल्या टोमॅटोसारखा झाला. परत दाखवायला गेले तर म्हणतो, तुमची स्किन नाजूक आहे. माझी! उन्हात रोज भाजून निघालेली! पाया पडावंसं वाटलं त्याच्या.

३० नोव्हेंबर, रविवार, सांगली

ताईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि बोलावूनच घेतलं. माधवनगरला तिचं सासर. दार उघडलं आणि हातातलं लाटणं तसंच.
"काय करून घेतलंस गं हे?"
तिच्या सासूबाई आतून: "पोलीस व्हायचंय का नुसतं तोंड दावून चोर पळवायचंय?"
म्हातारीला डोकं आहे हे कबूल. चहा मात्र पाणचट.
उद्या स्किनच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलंय ताईनं. फेसवॉश विकतील आणि काय.

१ डिसेंबर, सांगली

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. नखं रंगवलेली. मनात म्हटलं, झालं, आता गुलाबपाणी सांगणार.
तोंड बघितलं, पाठ बघितली, बराच वेळ. मग म्हणाल्या, घामानं आणि घट्ट कपड्यांनी येतात पुटकुळ्या, पण अशा नाही. आवाज पहिल्यापासून असाच? पाळी? हनुवटीवर केस वाढलेत का? (वाढलेत. चिमट्यानं काढते. हे ताईलाही माहीत नव्हतं.) मग पेन खाली ठेवलं.
"काय घेतेस?"
"काही नाही. पावडर. प्रोटीनची."
"डब्यावर काय लिहिलंय?"
डब्यावर कागदच नाही, म्हटलं. बी.ए. झालेली मी, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचून घेते.
त्या म्हणाल्या, रक्त तपासूया, पण मला स्टेरॉईडचाच संशय आहे. गोळ्या कुटून मिसळतात. माझ्याकडं आलेली तू पहिली नाहीस. आजपासून बंद.
"बंद केलं की जाईल सगळं?"
"फोड जातील, डाग राहतील थोडे. पाळी येईल. आवाजाचं मात्र सांगू शकत नाही."
बाहेर आल्यावर ताई रडली. मला रडू आलं नाही. सरांचं तोंड डोळ्यासमोर आलं. गुळगुळीत आहे, एक पुटकुळी नाही.

४ डिसेंबर, सातारा

रेश्माला सगळं सांगितलं. भांगात तेल घालत ऐकत होती.
"तुला सोडायची तर सोड."
"आणि तू?"
"माझं वय संपतंय सुजे. ही शेवटची भरती. न्हाई झाली तर घरचे उजवून टाकतील कुठंतरी. म्हशी राखायला तोंड आन् आवाज कशाला लागतोय? मग आत्ताच काय बिघडलं?"
तिला मूर्ख म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला पेन्शन हाय."

५ डिसेंबर

सकाळी ग्लास पुढं आला. नको म्हटलं.
"का?"
"डॉक्टर म्हणाल्या, यात स्टेरॉईड असणार."
सर हसले. सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं. "शिकल्याल्या बायकांना दुसरं काय येतंय? गोळा टाकून दाखव म्हणावं डॉक्टरनीला!" पोरी हसल्या. रेश्मासुद्धा, हळू.
मग मला बाजूला घेऊन, आवाज बारीक. "बाहेर बोललीस तर अकॅडमीचं नाव जाईल. ह्या पोरींची भरती जाईल. तुला बघवंल का?"
स्वतःचं कातडं वाचवायला पोरींची कातडी पुढं करणारा माणूस. ग्लास त्यांच्या बुटावर ओतला. मुद्दाम नाही, असं लिहिणार होते. मुद्दामच.
संध्याकाळी निरोप: खोली रिकामी कर. ट्रंक तिथंच सोडून घरची एसटी धरली.

८ डिसेंबर, कोरेगाव

रिपोर्ट आला. संशय खरा. ताईनंच आप्पांना फोनवर सांगितलं, मला बोलवेना.
आप्पा उठले, पॅन्ट घातली, मोटरसायकल काढली. मला मागं बसवलं. अकॅडमीत गेलो तर सर "या साहेब, या साहेब" करत खुर्ची पुसायला लागले. आप्पा बसले नाहीत.
"तुमच्या घरात पोरगी हाय का?"
"हाय की साहेब. दहावीला."
"तिला देता का ही पावडर?"
सर म्हणाले, चहा सांगू का. असली माणसं कशालाही चहा सांगतात.
माझी ट्रंक आप्पांनी स्वतः उचलली. रेश्मा खिडकीत होती. हात केला नाही. मीही नाही.
वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीच घातली तुला हितं. वर्दी अंगावर आल्याबगर अकॅडमी सोडून घरी येऊ नको म्हणालो हुतो. ती माझी चूक. तू कवाबी ये."
मिशीवर घाम होता. घामच असेल.

२१ डिसेंबर, रविवार, कोरेगाव

शाळेच्या मैदानावर एकटीच पळते. आप्पा घड्याळ लावून उभे. गोळा जवळ पडतोय, लाज वाटेल इतका जवळ. पाठ सुकायला लागलीय. पाळी नाही अजून. आवाज तोच.
आत्या येऊन गेली. "हळदीचाच गुण आला बघ." आला म्हटलं. वाद घालायला समोर माणूस लागतो.
कराडच्या स्थळाचा फोन आला होता, मीच उचलला. माझं हॅलो ऐकून पलीकडून कट. आईला वाईट वाटलं. मी पोटभर हसले, त्याच जाड आवाजात.

२ जानेवारी

डॉक्टरबाईंचा फोन. तक्रार करता येते, मी कागद देते म्हणाल्या. पण तुझं नाव लागेल.
केली तर अकॅडमीच्या सगळ्या पोरींकडं बोट जाणार. रेश्माकडं पहिलं. नाही केली तर नवीन बॅच येणारच आहे, तिलाही दूध मिळणार. आप्पांना विचारलं. "तू ठरव. मी मागं हाय." मागं असणारी माणसं बरी असतात, पण पुढं कुणीच नाही.

१६ जानेवारी

भरतीचं मैदान झालं. पळण्यात चांगली निघाले, गोळ्यात मार खाल्ला. काठावर असेन.
रेश्मा दिसली. तोंडाला ओढणी घट्ट. तिचा गोळा सगळ्यांच्या पुढं. बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. मग ओढणी जरा सरकवली. मानेपर्यंत आलेत.
"हसायचं तर हस," म्हणाली.
इतक्या दिवसांत साऱ्या जगाला नावं ठेवली. आज तिला ठेवायला एक सापडलं नाही.
"सांगलीला येतीस?" म्हटलं.
"निकालापर्यंत कुणाला सांगायचं न्हाई. शपथ घे."
शपथ घेतली नाही. तरी आली.

१९ जानेवारी, सांगली

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. रेश्माला एकटीलाच आत घेतलं. जाताना माझ्याकडं बघितलं, मोठी चूक केल्यासारखं.
तक्रारीचा कागद डॉक्टरबाईंनी मघाशीच माझ्या हातात दिलाय. सही नाही केली. पिशवीत आहे. रेश्माला माहीत नाही.
दार पातळ आहे. डॉक्टरबाईंचा आवाज येतोय. काय घेतेस, विचारतायत.
परत विचारतायत.
रेश्माचा आवाज अजून आलेला नाही.