पेट्रोलची नळी, सरळ आणि वाकडी

६ ऑगस्ट १९९६
मालकांनी जावयाला केबिन दिली. सतीश. अमेरिकेत काहीतरी विकून आलाय. परदेशी गाडीच्या नळीचं काम मिळणार म्हणून पेढे वाटले. टाकीत पेट्रोल ओततात ती नळी. आमच्या लॅबमधून पास झाली तर. लॅब म्हणजे मी आणि मिठाच्या फवाऱ्यात धातू किती गंजतो ते बघायची पेटी.

९ ऑगस्ट
मी स्टेनलेस सुचवलं. स.ला नको. साध्या पोलादावर जस्ताचा मुलामा, वर काळा रंग, झालं. मुलाम्याशी माझं भांडण नाही, सरळ नळीवर चांगला टिकतो. पण ही नळी चाकामागून वळते. वळणावर मुलामा तडकतो, त्यात खडीचा मार. सांगितलं. तो घड्याळाच्या पट्ट्याशी खेळत होता. "इत्ता कायकू सोचते मॅडम? स्टेनलेस तो घर के बर्तनां के वास्ते है."
सासऱ्याचा कारखाना नसता तर हा कुठे खपला असता, देव जाणे.

१९ ऑगस्ट
दहा दिवसांपूर्वी पेटीत ठेवलेल्या दोन्ही वाकवलेल्या नळ्या काढल्या. मुलाम्याच्या नळीला नेमका वळणावर तांबडा गंज. स्टेनलेस जशीच्या तशी. स.ने गंज रुमालाने पुसून पाहिला. जाईल असं वाटलं असावं.

२२ ऑगस्ट
स.चा तोडगा: परदेशी साहेब तपासायला येतील तेव्हा पेटीत न वाकवलेल्या, सरळ नळ्या ठेवायच्या. मालक खिडकीबाहेर बघत बसले. सरळ नळी गाडीत बसवणार कुठे, विचारलं. इतकी वर्षं त्यांना सज्जन समजले. नुसते भित्रे आहेत.
घरी वसंतला सांगितलं. माझा नवरा जामबागच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. म्हणाला, थोडी गळली तर काय होतं? खाली सायलेन्सर तापलेला असतो, म्हटलं. मागच्या सीटवर पोरं बसतात. हं म्हणाला, आणि वरण मागितलं.

२ सप्टें.
साहेब आले. हार, समोसे, फोटो. मग पेटी उघडली. सरळ नळ्यांच्या शेजारी मी सकाळीच ती गंजलेली ठेवली होती. साहेबांनी ती उचलून वळणावर नख फिरवलं. ही कुणी ठेवली, विचारलं. चुकून राहिली असेल, स. म्हणाला. घामाघूम.
"मी ठेवली," मी म्हटलं. "गाडीत बसणार ती हीच."
त्यांनी नळी कागदात गुंडाळून बॅगेत टाकली. चहा न घेताच गेले.

६ सप्टें.
काम मिळालं की गेलं, कुणालाच ठाऊक नाही. स. समोरून आला की भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. मालकांनी सोमवारी बोलावलंय.
वसंत म्हणतो, माफी मागून टाक, काचीगुड्याहून इतक्या जवळ दुसरी नोकरी मिळायची नाही. कशाची माफी, विचारलं. ते त्याला सांगता येईना.
साहेब आले त्या दिवशी नेसलेली निळी साडी इस्त्रीला दिली. सोमवारी तीच नेसेन.