माझ्या सहीवाचून अडलेलं साल

११ मार्च

चि. भाचेरावांस,
आशीर्वाद. मनात दुसरंच काही आहे, पण रीत मोडत नाही.

रविवार, ९ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. या वेळी तू तुझ्या वडिलांच्या सात वह्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकल्यास. वेळ सूनबाईने सांगितली. मी ती फोनवर दोनदा विचारून घेतली. तुला म्हणे त्या शाळेच्या जुन्या वह्या वाटल्या, लाल शाईने बरबटलेल्या. ती लाल शाई माझी होती.

कुणी सांगितलं नसेल तर आता ऐक. मी दहा वर्षांची असताना कॉन्व्हेंटच्या वर्गात घरची भाषा बोलले, म्हणून सिस्टरनी माझ्या गळ्यात पाटी अडकवली आणि तशीच घरी धाडली. तुझा बाप तेव्हा आठ वर्षांचा. त्याने ती पाटी उतरवली आणि म्हणाला, की ताई, समज, इंग्रज इथे आलेच नाहीत, त्यांचं पहिलं जहाज वाटेतच बुडालं. झालं. तेव्हापासून तो इंग्रज न आलेल्या त्या देशाचं एकेक साल लिहायचा आणि मी हरकती काढायची. लग्न होऊन लांब आले तेव्हा वह्या टपालाने फिरू लागल्या. नियम एकच: माझी सही झाल्याशिवाय पुढचं साल सुरू होत नाही. आगगाडी आम्ही तीस वर्षं उशिरा आणली, कारण रुळांच्या रुंदीवर सात राजांचं एकमत होईना. तो आरमारं बांधायचा, मी विचारायची की खलाशांच्या बायका काय खातात. बिचारा पुन्हा लिहायचा.

एका हरकतीला मात्र त्याने पंधरा वर्षं बगल दिली. तुझ्या देशात सात राजे, चार आरमारं, मग मुलींची शाळा कुठे आहे? ज्या बाईंनी पाटी अडकवली त्यांनीच मला शिकवलं, आणि त्या शिकवण्यावर मी छत्तीस वर्षं शिक्षिका होते. त्या आल्याच नसत्या, तर मला कुणी शिकवलं असतं? गोष्ट माझ्या जन्मसालापाशी आली तेव्हा मी सही अडवली. आधी उत्तर, मग पुढचं साल.

वह्या परत आण. लोभ आहे, सध्या रजेवर आहे.

तुझी आत्या


१७ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभ्यानेच. रद्दीच्या दुकानात गेलो. माल सोमवारीच कागद कारखान्यात गेला होता. तिथेही गेलो. मुकादमाने एक हौद दाखवला. त्यात राखाडी लगदा ढवळत होता. कुठे लाल दिसतंय का, म्हणून मी वाकून पाहत राहिलो. शेवटी त्याने दंडाला धरून मला मागे ओढलं.

बाबांना सांगितलेलं नाही. जानेवारीतल्या झटक्यानंतर उजवा हात गेला आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘हो’. मी त्यांना विचारलं, की तुमच्या त्या देशात आत्या शिकली असती का. ते लगेच ‘हो’ म्हणाले. मी तुला फोन लावायला उठलो होतो. मग खात्री करावी म्हणून उलटं विचारलं, की अडाणी राहिली असती का. त्यालाही ‘हो’. चहा हवा का, हो. माझ्यावर रागावलात का, हो.

डिसेंबरात ते तुझ्याशी फोनवर बोलले, त्या दिवशी हिरमुसून बसले होते. विचारलं तर म्हणाले, ताईला लेखी हवंय. रोज टेबलाशी बसायचे, कागद मात्र कोराच राहायचा. ते कशाबद्दल होतं, तुला ठाऊक असेल.

खुशाल रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा भाचा


२२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला भाचेराव वाचून दाखवतील. त्यांच्या वाचनात विराम नसतात, तेवढे तू घाल.

वह्या गेल्या. तुझ्या लेकाला सांगायचा धीर नाही, म्हणून मीच सांगते. त्याला रागावू नकोस. खरा घोळ माझा आहे. डिसेंबरात तू फोनवर म्हणालास, की ताई, उत्तर सापडलं, ऐक. मी म्हणाले, इतिहास फोनवर चालत नाही, लेखी पाठव, आणि फोन ठेवला. दूधही उतू जात नव्हतं रे. दोन मिनिटं ऐकलं असतं तर माझं काय जाणार होतं?

माझ्या मांडीचं हाड अजून जुळलेलं नाही, प्रवासाची परवानगी नाही. तू बोलू शकत नाहीस, मी येऊ शकत नाही. तुझा ‘हो’ मला चालणार नाही. आयुष्यभर माझ्या प्रत्येक हरकतीला तू आधी ‘हो’च म्हणत आलास.

सोबत कागद आहे. त्यावर पट्टीने दोन चौकोन आखलेत. पहिल्यावर लिहिलंय, ‘ताई शिकली’. दुसऱ्यावर, ‘ताई शिकली नाही’. खाली माझी सही आधीच केली आहे, कुठलाही निवडलास तरी साल पुढे जाईल. डाव्या हाताने एक रेघ ओढ, वाकडी चालेल. भाचेरावांनी हात धरायचा नाही. तुझी रेघ मी ओळखते.

लोभ होताच, यापुढे तो विनाहरकत समजावा.

उत्तर लेखी हवं. ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत.

तुझी ताई