धाकटीची नाडी चौसष्ट

ती. ताईंना,

नमस्कार. साडूभाऊंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुमचा रक्तदाब? (आकडा कळवू नका, नुसतं बरा आहे की नाही तेवढं सांगा. आकड्यांचं आणि माझं सध्या पटत नाही.) मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, कामाला जातो, रोज डायरी लिहितो. ती वाचून मी ठीक आहे असं कुणालाच वाटणार नाही, पण वाचायला घरात कुणी नाही.

तुमची धाकटी बहीण तुमच्याकडे सुखरूप पोचली हे तुमच्या निरोपावरून कळलं. तिने तुम्हाला बहुधा काहीच सांगितलं नसेल, म्हणून घडलं ते मीच लिहितो. मध्येच कुठे मी स्वतःची बाजू सावरतोय असं वाटलं, तर तेवढं वाक्य गाळून वाचा. पत्र फार मोठं उरणार नाही अशी भीती आहे.

झालं असं, की आमच्या ऑफिसात 'मेंदू आणि संसार' या विषयावर व्याख्यान झालं. (सक्तीचं होतं, पण बिस्किटं चांगली होती.) वक्त्या बाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, माणूस चिडला आणि नाडी शंभराच्या वर गेली की मेंदूचा विचार करणारा भाग जवळजवळ रजेवर जातो. मग नवरा-बायको बोलतात ते दोन घाबरलेल्या जनावरांनी एकमेकांवर गुरगुरल्यासारखं असतं. तेव्हा आधी थंड व्हा, मग बोला. बाकीचे लोक हे ऐकून घरी गेले आणि विसरले. मी वाटेत औषधांच्या दुकानातून बोटाला चिमट्यासारखा लावून नाडी मोजायचा ऑक्सिमीटर घेऊन घरी गेलो. माझं काम तुम्हाला माहीतच आहे. कारखान्यांचे वजनकाटे आणि तापमापक आमच्याकडे येतात, मी ते तपासतो आणि बरोबर निघाले तर तसं लिहून देतो. मोजता येणारी गोष्ट न मोजता सोडून देणं मला जमत नाही. लग्नाआधी धाकटीला याचं कौतुक वाटायचं, असं माझं तरी मत आहे.

तर घरात नियम केला. वाद सुरू झाला की दोघांनी आळीपाळीने बोटाला चिमटा लावायचा, आणि ज्याचा आकडा शंभराच्या वर असेल त्याने तो उतरेपर्यंत बाल्कनीत जाऊन उभं राहायचं. धाकटी म्हणाली, बरं. आता ताई, दर वेळी बाल्कनीत कोण गेलं असेल? ओल्या टॉवेलवरून वाद झाला, मी बाल्कनीत. सुट्टीत कुठे जायचं यावरून झाला, मी बाल्कनीत. समोरच्या बाल्कनीत एक निवृत्त ट्रक-ड्रायव्हर दिवसभर बसून असतात. ते लांबूनच ओरडायचे, "काय साहेब, इंजिन तापलं का? झाकण लगेच उघडू नका बरं, वाफ तोंडावर येते!" मी हसून हात करायचो. आणि धाकटी मात्र कधीही पाहा, चौसष्टच्या आसपास. मला तिचा अभिमान वाटू लागला. आमच्या बायकोचा मेंदू कधी रजाच घेत नाही, असं मी ऑफिसात चारचौघांत बोलून दाखवलं. (हे वाक्य गाळू नका. ते खरंच बोललो.)

पण काटा एकाच जागी फार वेळ राहिला की आमच्या धंद्यात संशय येतो. मी तो ऑक्सिमीटर आमच्याकडच्या दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहिला. तो चोख निघाला. मग उरली धाकटी. काटा तपासायचा तर त्यावर आपल्याला ठाऊक असलेलं वजन ठेवून बघायचं असतं, आणि धाकटीच्या बाबतीत ते वजन मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी तुमच्या आई गेल्यावर, त्यांचं शिलाई मशीन नुसतं पॅसेजमध्ये हलवू या असं मी म्हणालो होतो, तर तिने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं आणि शेवटी तुम्हाला फोनवरून मध्ये पडावं लागलं होतं. म्हणून एका रविवारी दुपारी तिच्या बोटाला चिमटा लावला आणि सांगितलं, की आईंचं मशीन मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. (दिलेलं नाही, ताई. जागच्या जागी आहे, तेलपाणीही केलंय.) हे सांगताना मी तिच्या तोंडाकडे पाहत नव्हतो, आकड्याकडे पाहत होतो. चौसष्ट. मग त्रेसष्ट. धाकटी म्हणाली, "बरं."

त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलं. काय दिसलं ते मला लिहिता येत नाही, डायरीतही जमलेलं नाही. घाईघाईने सांगितलं, की खोटं बोललो, मशीन आहे. त्यावरही "बरं"च, त्याच आवाजात. मग तिने चिमटा काढून माझ्या हातात दिला. "मला काहीच वाटत नाही रे," ती म्हणाली. "आई गेल्यापासून एकेक बंदच होत गेलंय. भूक नाही, गाणं नाही, काही नाही. तुला सांगणार होते." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "दोन-तीनदा सुरुवात केली. तू बाल्कनीत जायचास."

दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी तिच्या नाडीचा आलेख काढून नेला होता. बाईंनी तो पाहिला आणि सभ्यपणे परत केला. म्हणाल्या, हे डिप्रेशन आहे. गोळ्या घेऊ, बोलू, वेळ लागेल. मन बधिर होतं तेव्हा आवडीनिवडी, माया, सगळंच बधिर होतं, बहुतेकांचं हळूहळू परत येतं. धाकटी बाहेर गेल्यावर मी हळूच विचारलं, माझ्याबद्दलचंही परत येईल का? बाई म्हणाल्या, "आधी होतं का?" मी म्हणालो, असावं. "मग ते तिला बरं वाटल्यावर कळेल. तोवर विचारू नका. तुमच्यासाठी तिला खोटं बोलावं लागेल."

परतताना बसमध्ये धाकटी खिडकीबाहेर बघत होती आणि माझ्या लक्षात आलं, की तिचा आजार मोठा असावा असं मी मनात धरून बसलोय. कारण आजार मोठा असेल तर तिच्या मनातून मी उतरलो तो आजारामुळे. लहान असेल, तर बाकीचं माझ्यामुळे. कुठला नवरा असं मागतो? मी मागितलं. डायरीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तुमच्याकडे यायचं तिने आपणहून ठरवलं, बॅगही आपणच भरली. निघताना "गॅस नीट बंद करत जा" एवढंच म्हणाली. त्यात माया किती आणि सवय किती, याचा हिशेब मी अजून करतोय.

तुमच्या धाकटीचा नवरा
(सध्या याहून जास्त काही लिहवत नाही)

ता. क. गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत. त्या तुम्ही तुमच्याजवळ ठेवा आणि वेळेला हातात द्या. जगावंसं वाटत नाही असं काही बोलली तर तिला एकटी सोडू नका, लगेच डॉक्टरीणबाईंना फोन करा. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.

दुसरा ता. क. विचारायचं नाही हे बाईंनी मला सांगितलंय. तुम्हाला सांगितलेलं नाही. भाजी निवडताना वगैरे सहज विषय निघाला तर...

तिसरा ता. क. वरचं रद्द. विचारू नका. पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणासाठी आणि इतका वेळ तेच टाळत होतो. ताई, समजा धाकटी बरी झाली, जेवू लागली, हसू लागली, आणि तरीही म्हणाली की मला परत जायचं नाही. तर तिला समजावू नका. मी नक्की फोन करीन. अगदी काळजीच्या आवाजात म्हणेन, की ती अजून बरी झालेली दिसत नाही, बाईंना सांगून गोळ्या वाढवून घ्या. माझ्या बोलण्यात मुद्दे असतील, तुम्हाला पटेलही. तेव्हा माझं ऐकू नका.