खुंटीवरचा बिल्ला

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! सामान उतरवता उतरवता पाठीचा पार भुगा झाला, पण घर बघून बायको अशी काही खूश झाली की शीण पळाला. दोन खोल्या, खिडकीपाशी ओटा, मागे नळ. सगळी ओळच नवीकोरी, उंच जोत्यावर बांधलेली. तिला चौथा महिना आहे. इतकी वर्षं वाट पाहून पहिल्यांदाच, त्यामुळे मी तिला साधी पिशवीही उचलू देत नाही. पलंग आतल्या खोलीत भिंतीला लावला.

उद्यापासून कामावर. टेकडीखाली अणुकचऱ्याचं कोठार आहे. तो कचरा आता हजारो वर्षं तिथेच राहायचा, आणि लोकांच्या मनातली त्याची भीती मी काढायची. थोडक्यात, बडबड करायची आणि पगार घ्यायचा. बायको म्हणते, हे तर तू घरी फुकट करतोस.

११ ऑक्टोबर

कामावर असताना छातीला बिल्ला लावावा लागतो. आत फिल्मची चकती असते. न दिसणारे किरण अंगावर पडले तर ती काळी पडते. घरी जाताना बिल्ला फाटकावरच्या फळीला टांगून यायचं आणि महिनाअखेरीस तपासनीस सगळे उघडून बघतो. आजवर एकही काळा निघालेला नाही, असं त्याने छाती फुगवून सांगितलं.

१९ ऑक्टोबर

पहिली सभा. शेजारच्या नर्सबाईंनी मला चांगलंच धारेवर धरलं. जुनं कोठार पाडलं, त्याचा राडारोडा आपल्या घरांच्या जोत्यात भरलाय, असं त्यांचं म्हणणं. ओळ उभी राहिल्यापासून इथे एकही पाळणा हललेला नाही, म्हणून पोटुशी सून त्यांनी बहिणीकडे धाडून दिलीय. मी विचारलं, दगडमातीच ना ती, चावते की काय? लोक हसले. मग मी हुकमाचं पान टाकलं. माझी बायकोही पोटुशी आहे, त्याच ओळीत झोपते, मी काय वेडा आहे का? झालं, सभा खिशात!

२ नोव्हेंबर

बाळ हललं! आत मासोळी फिरल्यासारखं वाटलं म्हणे. मी दोन तास पोटाला कान लावून बसलो तर गुडगुड तेवढी ऐकू आली.

नर्सबाईंनी सुनेला परत आणलं. तुमच्या शब्दावर आणलं, असं म्हणाल्या. इतकं बरं वाटलं मला.

२१ नोव्हेंबर

आठवडाभर तापाने अंथरुणात. ताप चढला त्या दिवशी अंग इतकं मोडून आलं होतं की बिल्ला फळीला लावायचा राहिला, तसाच सदऱ्यावर घरी आला. सदरा पलंगाच्या उशाशी खुंटीवर. बायको चिडवते, आता तू घरीसुद्धा ड्यूटीवर.

३० नोव्हेंबर

तपासनीसाने माझा बिल्ला उघडला आणि विचारलं, कोठारात गादी टाकून झोपला होतात की काय? चकतीचा नुसता कोळसा. मीही हसलो. वाटेत लक्षात आलं. मी तर आठवडाभर घरी होतो. बिल्लाही घरीच होता.

५ डिसेंबर

कपाटातले कोरे बिल्ले गुपचूप आणले. एक ओट्यापाशी, एक नळाजवळ, एक नर्सबाईंच्या बाजूच्या भिंतीवर, एक पुन्हा उशाशी. बायकोने विचारलं हे कशाला. शोभेला म्हटलं. ती हसली नाही.

१२ डिसेंबर

सगळे काळे. उशाचा सगळ्यात जास्त. पलंग मधोमध ओढला – पण जमीनही तीच ना –

साहेब म्हणाले, ओल लागली असेल. दुसरं घर मागितलं. त्यांच्या तोंडून निसटलं, भराव सगळीकडे तोच आहे. मग फायलीत डोकं घालून बसले.

१४ डिसेंबर

सभेत सगळं सांगून टाकलं. बिल्ले हातात धरून दाखवले. लोकांना वाटलं थट्टा. कुणीतरी मलाच विचारलं, दगडमाती चावते की काय? हशा. मी ओरडलो तेव्हा आणखी हसले –

नर्सबाई हसल्या नाहीत. घराकडे पळत सुटल्या.

१५ डिसेंबर

सामान बांधतोय. उद्या सकाळी गाडी.

नर्सबाईंच्या सुनेचं रात्री गेलं. सहावा महिना. भिंतीपलीकडून तिचं रडणं – बायकोने कान झाकून घेतले. माझ्या शब्दावर आली होती ती. माझ्या –

१६ डिसेंबर

गाडी दारात उभी आहे. बायको उठत नाही. म्हणाली, बाळ कालपासून हललं नाही, तू घाबरशील म्हणून बोलले नाही. गोड दूध प्यायली. कुशीवर झोपून पाहिलं. नाही.

नर्सबाईंना हाक मारली. कुठल्या तोंडाने मारली, माझं मला माहीत. आल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. पोटावर ठोके ऐकायची नळी लावून बसल्यात. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून लिहितोय.

डावीकडे लावली. आता खाली. आता उजवीकडे –

पुन्हा डावीकडे.

नळी काढून पदराने पुसतायत. पुसतच आहेत.

बायको म्हणतेय, तू तरी काहीतरी बोल ना. एरवी इतका बोलतोस. बोल ना रे. मी –